टोपात उरलेली खिचडी

निडी गावाच्या वरच्या अंगाला आमची कातकऱ्यांची वाडी. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी मी शिजवते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातलीच एक पोरगी तिथं बाई म्हणून आली. पहिल्या दिवशी माझी नात विचारते कशी, "आजी गो, ही तर आपल्यासारखी काळी हाय. खरी बाई हाय ना?" मी हसले, पण ते मनात रुतलं बघा. पुढं हीच नात ओढणी घेऊन घरी कोंबड्यांना पाढे शिकवायला लागली.

दिवाळीत बाईंचं कंत्राट संपलं. नव्या बाई वाईट नाहीत, खोटं कशाला बोलू? पण त्या आमच्यातल्या नाहीत, वर्ग मुका झाला. मी सवयीनं तेवढेच तांदूळ टाकते, आणि रोज टोपात खिचडी उरते, कालच्यापेक्षा जास्त.

दिवाळीनंतर वीटभट्टीचा ट्रक आमची माणसं पोरांसकट कामाला न्यायला येतो. गेल्या साली बाईंनी घरोघर फिरून पोरं मागं ठेवून घेतली होती. काल ट्रक वाडीखाली येऊन थांबला, आणि कुणीच घरोघर फिरलं नाही. आज नातीनं शाळेत जेवून ताट घासलं, पालथं घातलं.

"आजी, उद्यापासून हे दुसऱ्या कुणाला दे."