डॉक्टरांनी ताईबद्दल काहीच सांगितलं नाही

पिंपळगाव राजा या गावातल्या आमच्या घरात त्या दिवशी बाबांचा पारा असा चढला होता, की मांजरसुद्धा चुलीपाशी फिरकत नव्हतं… आणि कारण काय, तर खामगावचे डॉक्टर गप्प बसले!

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, लग्न जवळपास ठरलं होतं. मुलगा खामगावला शाळेत मास्तर, सरळ आणि देखणा. पण ताई टायफॉईडमधून उठलेली, पार काडी झालेली… म्हणून मुलाचे मामा परस्पर तिला औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे तिची चौकशी करायला गेले. तेव्हा सगळेच जात.

डॉक्टर म्हणाले, मी कोणाच्याच दुखण्याचं सांगत नाही. झालं… मामांनी त्यातून नको तो अर्थ काढला आणि आमच्याकडे निरोप आला, जरा थांबू या.

बाबा तडक खामगावला गेले. "निरोगी पोरीले निरोगी म्हनायले तुमचं काय जात होतं?"

डॉक्टरांनी आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाले, "भाऊ, कोर्टानं इचारलं तर सांगाच लागन. पोराच्या मामानं इचारलं म्हून नाही. अन् आज तुमच्या पोरीले निरोगी म्हनलो, तर उद्या जिच्याबद्दल गप बसीन तिच्यासंग लगन कोन करन?"

हे सगळं बाबांनी घरी येऊन आईला ऐकवलं, आणखीच तापून. खरं सांगते, मलाही डॉक्टरांचा भयंकर राग आला होता. ताई भाकऱ्या थापत होती, डोळे पुसत होती… आणि चुलीला धूर काही एवढा नव्हता.

चार-पाच दिवसांनी मुलगा एकटाच सायकलवर दारात हजर! बसा म्हटलं तरी बसेना. उभ्यानंच म्हणाला, "मले टी.बी. झाला होता. याच डॉक्टरांनी बरा केला. मामाले बी माहीत नाही, डॉक्टरांनी कोनालेच सांगितलं नाही. दुखनं माझं, अन् शक तुमच्या पोरीवर… मले सहन होऊन नाही राह्यलं. आता तुमी ठरवा."

टी.बी. हा शब्द तेव्हा लोक आवाज खाली करून बोलत.

आणि आतून ताईचा आवाज आला. बाबांसमोर कधी चकार शब्द न काढणारी आमची ताई… "बाबा, मले पसंत आहे."

लग्न झालं. संसारही छान झाला. डॉक्टर लग्नाला आले, पोटभर जेवले, आणि आपल्याला कोणाचं काय माहीत आहे हे चेहऱ्यावर दिसूसुद्धा दिलं नाही.

त्यांनी मामांना एक चांगला शब्द बोलून टाकला असता, तर लग्न तरीही झालंच असतं म्हणा… पण भाऊजी ते दुखणं आयुष्यभर मनात दडवून वावरले असते. आणि आपला नवरा किती खरा माणूस आहे, हे ताईला हळद लागायच्या आधी कळलंच नसतं.

डॉक्टरसाहेब, तुमच्या त्या गप्प बसण्याचे आभार आमच्या घरातून कोणी कधी मानलेच नाहीत… आज मी मानते.