गोल शिक्क्याचा कागद

गावात कागदाचा मामला आला की लोक माझ्याकडे येत. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, तोही हंगामी, पण अर्ज लिहिणे, आलेले पत्र वाचून दाखवणे, अंगठा कुठे उठवायचा ते सांगणे ही सगळी कामे माझ्या गळ्यात पडली होती. गळ्यात पडली असे मी वैतागून म्हणायचो खरा, पण मनातून मला ती आवडायची. कुणी ‘मास्तर, एवढं बघा बरं’ म्हणाले की मान ताठ व्हायची. पंचक्रोशीत आपल्याइतका कागद कुणाला कळत नाही, असा माझा समज होता.

आत्याचा कागदही म्हणूनच माझ्याकडे आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी पैठणकडे दिलेली, त्यामुळे ती आमच्याच घरात राहायची. राहायची म्हणजे झोपायला यायची. बाकी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या रानात, कापूस वेचायला नाहीतर निंदायला. तोंडाने भलती फटकळ. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या आमच्या गावच्या मोजक्या बायांमध्ये ती होती. परत आली त्याच दिवशी तिने घरातले देवांचे टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. त्यानंतर जुन्या जातीच्या नावाने कुणी हाक मारली की ती मागे वळूनसुद्धा बघत नसे, मग तो मळ्याचा मालक का असेना. “ते नाव नदीत टाकलं म्या,” म्हणायची. “तुला पायजे आसंल तर मार बुडी.”

दुष्काळ सरून तीनेक वर्षे झाली असतील. जालन्याला मस्तगडात सायकल दुरुस्तीचे दुकान असलेले आमच्यातलेच एक गृहस्थ होते. ते अधूनमधून पन्नासेक माणसे गोळा करून यात्रेला नेत. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी. लुंबिनी नेपाळात, म्हणजे सरहद्द ओलांडायची. आत्याने दोन शेळ्या विकल्या आणि घरात कुणाला न विचारता नाव घालून आली.

“बाकीचं ऱ्हायलं तरी चालंल,” ती म्हणाली, “पर भगवंताच्या जलमाची जागा मला बघायचीच हाय. तेवढ्यासाठी चालले म्या.”

दुकानदारांनी निरोप धाडला होता की प्रत्येकाने आपल्या नावाचा सरकारी कागद आणावा, गोल शिक्क्याचा. नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही हे त्यांना ठाऊक होते. पण आणीबाणीचे दिवस होते. कुणी शिपायाने अडवलेच तर दाखवायला हातात काहीतरी असावे, इतकीच त्यांची काळजी.

आता कागद कोणता, हा प्रश्न माझ्यापुढे आला. रेशनकार्ड वडिलांच्या नावाचे, त्यात आत्या म्हणजे नुसता एक आकडा. शाळेचा दाखला असण्याचा संबंधच नव्हता. पोलीस पाटलाची चिठ्ठी मिळाली असती, पण तिच्यावर शिक्का नसे, नुसती सही, तीही वाचता येत नाही अशी. जन्माची नोंद म्हणाल तर ती जन्मली तेव्हा निजामाचे राज्य होते, आणि आमच्या वस्तीत कोण जन्मले, कोण मेले हे लिहून ठेवायला कुणाला फुरसत नव्हती. उरला तालुक्याच्या कचेरीतला रहिवासाचा दाखला. नाव, गाव, अंदाजे वय, धर्म व जात, आणि खाली गोल शिक्का.

धर्म व जात या शब्दांशी येऊन मी अडलो.

त्याच महिन्यात मी केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. जागा राखीव होती. बौद्ध लिहिले तर राज्यात सवलत मिळायची, पण केंद्रात ती जायची. त्यामुळे आमच्यातली शिकलेली माणसे घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू महार अशी दुहेरी नांदत होती. माझ्या शाळेच्या दाखल्यावरही तेच होते, आणि त्यावरूनच मी कचेरीतून जातीचे प्रमाणपत्र काढले होते. आता त्याच टेबलावर, त्याच गावाचा, त्याच घरातला दुसरा अर्ज ‘बौद्ध’ म्हणून गेला आणि बाबूने विचारले, मास्तर, तुमच्या घरात नेमके कोण कोण राहते, तर मी काय सांगणार होतो?

पोट आणि धर्म यांतले एक निवडा असे आम्हाला कायद्याने सांगितले, आणि त्याची चीड मला आजही येते. पण त्या दिवशी निवड कायद्याने केली नाही. मी केली, आणि आत्याच्या नावावर केली.

कचेरीत ती माझ्याबरोबर आली होती. बाबूने वय विचारले.

“रझाकाराच्या वक्ताला माझी पोरगी कडंवर व्हती,” आत्या म्हणाली. “आता तूच मोज बराबर.”

बाबू हसला आणि त्याने अंदाजे पंचावन्न लिहायला सांगितले. मग मी तिला म्हणालो, “आत्या, तू भाहेर लिंबाखाली बस. मी आलोच.” ती बिचारी गेली. मी उरलेला रकाना स्वतःच्या हाताने भरला आणि कागद बाबूपुढे सरकवला. माझी तयारी होती, विचारले तर काय सांगायचे ते मी पाठ करून आलो होतो. बाबूने वाचलेसुद्धा नाही. साहेबाची सही आणली, शिक्का मारला, पुढच्या माणसाकडे वळला.

लिंबाखाली मी कागद तिच्या हातात दिला. तिने उलटा धरला होता, मी सरळ केला.

“माझं नाव कुठंय?”

मी दाखवले.

“आन् बौद्ध?”

मी जरा थांबलो. माझ्या बाजूने सांगण्यासारखे तेवढेच आहे. मग मी तिचे बोट धरले आणि ‘हिंदू महार’ या शब्दांवर नेऊन ठेवले. “हे बघ, इथं.”

तिने ते बोट तिथे राहू दिले. अक्षरांवरून हलकेच फिरवले. वरून कितवी ओळ ते विचारून घेतले. मी म्हणालो चौथी. “लई झ्याक अक्षर हाय,” ती म्हणाली. अक्षर माझेच होते.

गावाकडे येताना एसटीत मी स्वतःची समजूत घालत होतो. तिकडचा शिपाई मराठी कशाला वाचेल? कागद पिशवीतून बाहेरही निघायचा नाही. आत्या परत आली की पाऊस लागला, भिजला असे काहीतरी सांगून तो फाडून टाकू. सगळा विचार मी केला होता. तिच्याबरोबरच्या पन्नास माणसांतल्या निम्म्यांना मराठी वाचता येते, एवढे मात्र माझ्या शहाण्या डोक्यात आले नाही.

तीन आठवड्यांनी मी तिला आणायला जालना स्टेशनवर गेलो. मनमाडकडून गाडी आली, माणसे उतरली. प्रत्येकाच्या हातात लुंबिनीच्या मातीची पुडी होती, फडक्यात जपून बांधलेली. आत्याच्या हातात नुसती पिशवी. मी वाकून पाया पडलो. तिने पाठीवर हात ठेवला नाही. थकली असेल, असे मला वाटले.

मी दुकानदारांना विचारले, “सरहद्दीवर काही त्रास झाला न्हाई ना?” त्यांनी मला मुसाफिरखान्याच्या कोपऱ्यात नेले. भला माणूस. आवाज चढवला नाही, नजर मात्र जमिनीवर ठेवली.

“मास्तर, तुमच्या आत्याला म्या लुंबिनीला नेऊ शकलो न्हाई.”

सरहद्दीच्या अलीकडे एका धर्मशाळेत त्यांनी सकाळी सगळ्यांचे कागद बघायला घेतले होते. कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, एवढेच बघायचे होते. आत्याची पाळी आली तेव्हा तिने कागद देण्याआधीच वरून चौथ्या ओळीवर बोट ठेवले आणि चारचौघांत म्हणाली, “हितं वाचा. माझा धरम लिव्हलाय. मोठ्यानं वाचा.” ते गप्प बसले. तिला वाटले यांना अक्षर लागत नाही. तिने शेजारच्या बाईला दिला. ती बाई शिकलेली होती, नर्स होती. तिने मोठ्याने वाचले.

“मंग?” मी विचारले. मला ऐकायचे नव्हते, तरी विचारले.

“मंग काय. दोनदा वाचून घेतलं त्यांनी. घडी घातली. म्हन्ल्या, हे घिऊन म्या भगवंताच्या दारात जात न्हाई. आमी लई समजावलं. कागद पिशवीत ऱ्हाऊ द्या, कोन बघतंय. तर म्हन्ल्या, कोनी इचारलं तर हाच काढावा लागंल ना? म्हन्लं, हितंच ठिवा, बिगर कागदाच्या चला. तर म्हन्ल्या, मंग माझ्यापायी पन्नास मानसं आडकून पडतील. आन् बसल्या वट्यावर. बिलकुल हलल्या न्हाईत.”

बाकीचे गेले. सरहद्दीवरच्या शिपायाने कुठून आलात एवढे विचारले आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला. कुणाचा एकही कागद उघडला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे परत आले तेव्हा आत्याने धर्मशाळेचे अंगण झाडून काढले होते आणि ती त्यांच्यासाठी पाणी भरत होती.

गावाकडे जाणाऱ्या भोकरदनच्या एसटीत आम्ही दोघे शेजारी बसलो. ती खिडकीकडे. अर्धा रस्ता सरला. मी मनात वाक्ये जुळवत होतो, आणि एकही पुरे होत नव्हते. मग तिने बाहेर बघतच विचारले, “तुला म्हाईत व्हतं?”

त्या वेळी खरे बोललो असतो तर काहीतरी उरले असते. मी म्हणालो, “बाबूनं चूक केली, आत्या. त्या लोकांना काही कळत न्हाई.”

ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. परका माणूस शेजारी येऊन बसल्यावर आपण बघतो तशी.

“आन् बोट कोन ठिवलं रं माझं? बाबूनं?”

मी खिशातून तिकिटे काढून बघत बसलो.

घरी आल्यावर तिने आदळआपट केली नाही. वडिलांना काही सांगितले नाही. माझ्या पुढ्यात भाकरी वाढत राहिली, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मला हे शिव्यांपेक्षा जड जात होते. ती दोन सणसणीत शिव्या देऊन मोकळी झाली असती तर मीही मोकळा झालो असतो, आणि बहुधा म्हणूनच तिने दिल्या नाहीत. मी तिची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिलो. दुसऱ्यांदा लुंबिनीला जायला तिच्याकडे ना शेळ्या राहिल्या होत्या ना तेवढा दम. आणि ज्या नोकरीसाठी हा सगळा उद्योग केला, त्या खात्यातून मला कधी बोलावणेच आले नाही. सांगायला लाज वाटते, पण सांगतो: सुरुवातीला मला वाईट वाटले ते नोकरीचेच.

त्यानंतर आत्याने माझ्याकडून कागद म्हणून वाचून घेतला नाही. रेशनचा कागद नाही, बियाणाच्या पिशवीवरचे नाव नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी होता, चौथी नापास. बोट लावून एकेक अक्षर जोडत वाचायचा, जोडाक्षर आले की अडायचा. ती त्याच्याकडे जायची. मास्तर घरात असताना त्याची आत्या शिंप्याकडे कागद वाचून घ्यायला जाते, हे सगळा गाव बघत होता. कुणी मला कारण विचारले नाही, आणि त्याचा अर्थ मी ओळखला.

पुढच्या वर्षी तिची मुलगी पोटुशी होती. आधीची दोन बाळंतपणे अवघड गेलेली. दिवस भरत आले तशी आत्या रानातून आली की आधी पोस्टमन येऊन गेला का विचारायची. एका दुपारी पत्र आले. मी शाळेतून जेवायला घरी येत होतो. शिंप्याच्या दाराला कुलूप होते, तो टेंभुर्णीच्या बाजाराला गेला होता. आत्या त्याच्या पायरीवर उन्हात बसली होती. पत्र फोडलेले, मांडीवर, आणि दोन्ही हात त्याच्यावर.

मी जवळ गेलो. तिचे ओठ सुकले होते. पोरगी जगली की गेली, हे त्या मांडीवरच्या कागदात होते आणि माझ्यापासून ते हातभर अंतरावर होते.

“आत्या, दे ना. मी वाचतो,” मी म्हणालो.

तिने पत्र उचलून पदराखाली घेतले.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “त्यो यीलच आता. तू जा, जेवून घे.”

शिंपी तिन्हीसांजेला आला. तोवर ती तिथेच बसून होती.