निरोगी डोकं

ऑफिसात तिला सगळे ‘नन्नाबाई’ म्हणत, आणि नाव अगदी चपखल होतं. डोक्याचे स्कॅन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला काही संशयास्पद दिसलं की ते तिथे लाल गोल काढायचं. गोल उगाचच काढलेला असला की ती ‘चूक’ म्हणून खोडायची, आणि सॉफ्टवेअर त्यातून शिकायचं. पोराला वळण लावावं तसं तिने त्याला वळण लावलं होतं, आणि त्याचा तिला कोण तोरा!

शिकवायला एक खात्रीचं निरोगी डोकं हवं होतं. तिने नवऱ्यालाच स्कॅनच्या यंत्रात झोपवलं. तो शिंपी, तब्येतीने ठणठणीत. “मला डोकं आहे की नाही, ते तरी एकदा कळू दे,” म्हणत तो आडवा झाला होता. सॉफ्टवेअरने त्याच्या डाव्या कानामागे गोल काढला. तिने खोडला. पुढे सॉफ्टवेअर सुधारलं की पहिली परीक्षा याच स्कॅनवर, आणि दर वेळी गोल तिथेच. ते हट्टी, तर ही महाहट्टी. शेवटी गोल यायचा थांबला, तेव्हा तिने सगळ्यांना चहा पाजला.

परवा नवऱ्याने एका कोटाला दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या. वर तिलाच विचारलं, “जमलाय ना?”

दुसऱ्या दिवशी तिने त्याला पुन्हा यंत्रात घातलं. निकाल लगेच आला: निर्दोष. तरी तिने स्वतः चित्र निरखलं. डाव्या कानामागे सुपारीएवढा डाग, आंधळ्यालाही दिसावा असा. तिने जुना स्कॅन शेजारी उघडला. त्याच जागी तोच डाग, मोहरीएवढा.

तिने डागाभोवती गोल काढला. तो पुसला गेला. खाली ओळ उमटली: ‘चूक दुरुस्त केली.’ तिने पुन्हा काढला. पुन्हा पुसला गेला, या वेळी जरा लवकर. याच सॉफ्टवेअरचा शब्द ऐकून किती माणसं हसतमुखाने घरी गेली असतील!

स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला, “अगं, सापडलं का काही?”

तिने बोलायचं बटण दाबलं.

“हो,” ती म्हणाली. “तेव्हाच सापडलं होतं हो.”