माइक तपासायचा होता

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या साध्यासुध्या गाडीत एकदा महागड्या मॉडेलचा, कंपनीचा ओरिजिनल, नकाशावाला स्टिरिओ बसला होता. परवा कुठेतरी नव्या प्लास्टिकचा वास आला आणि कल्याणच्या फिटरकडची ती दुपार आठवली. त्याने डॅशबोर्ड उघडून वायरी जोडल्या, पट्टी खटकन दाबून बसवली, पडदा उजळला आणि नकाशावर मी निळा ठिपका होऊन अवतरलो. मी चक्क टाळ्या वाजवल्या. "काका, आता कुणाला पण एक फोन लावा, माइक चेक करू," तो म्हणाला. पडद्यावर माझ्या फोनमधली सगळी नावं आली आणि मी ऐटीत बोट फिरवू लागलो. गॅसवाला, प्लंबर, दाताचा डॉक्टर. आमच्या नौपाड्यात रस्ताभर नमस्कार घेत चालणारा मी, पण उगाच फोन करावा असा माणूस काही सापडेना. "एवढं काय शोधताय? लग्न जमवायचंय का?" फिटर हसला. शेवटी डोंबिवलीच्या थोरल्या भावाला लावला. आमचं भांडण नव्हतं. आत्या वारली तेव्हा आणि त्याआधी मामा वारले तेव्हा मीच त्याला फोन केला होता. रिंग गाडीभर घुमली. मी घसा खाकरून एक झकास विनोद तयार ठेवला. आजही गाडीतून कुणाला फोन लावताना मी आधी आवाज बारीक करतो, कारण त्या दुपारी चारही स्पीकरमधून दादा घाबराघुबरा होऊन ओरडला होता, "अरे, कोण गेलं?"