डोंगराला केलेलं आळं

चुडामण महाजन पाण्याच्या लाइनीवर कामाला लागला, तेव्हा त्याला पाण्याबद्दल एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. पाणी धरून ठेवायचं असतं. बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात त्याच्या घरी आजोबांपासून केळी. केळीच्या बुडाशी मातीचं आळं करायचं, ते भरायचं आणि मुरेपर्यंत फुटू द्यायचं नाही. पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं, तर त्याचे वडील त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलत नसत. पुढे भावांमध्ये शेत पुरेना, म्हणून धाकटा चुडामण सरकारी पाणीपुरवठ्याच्या कामावर मेट झाला. मजुरांची टोळी त्याच्या हाताखाली आली. पाण्याबद्दलचं मत घरचंच राहिलं.

हे १९५५ सालचं. बुऱ्हाणपूर तेव्हा नागपूरच्या कारभारात होतं आणि निंबोल्याच्या वर, सातपुड्याच्या अंगावर, आमदरा नावाच्या वाडीला नळाने पाणी द्यायचं ठरलं होतं. वाडीला पाणी नव्हतं असं नाही. वरच्या घळीत बारमाही झिरा होता. अडचण वाटेची होती. झिरा आणि वाडी यांच्यामध्ये एक मोठा उतार होता, वर काळी माती आणि मुरूम, खाली तिरका खडक. पावसाळ्यात माती भिजली की खडकावरून घसरायची. एका वर्षी वाट निसटली तेव्हा भागाबाईने हंडे टाकून उडी मारली म्हणून ती वाचली. हंडे मातीखाली गेले. पाहुण्यांना ती सांगायची, "डोंगरात दोन हंडे पेरले आहेत मी. उगवले तर कळवा."

भागाबाई वाडीतली सर्वांत वडीलधारी. तिच्या मनात पाण्याइतकीच कानबाई देवी होती. श्रावणात एका रविवारी नारळाला मुखवटा लावून कानबाई बसवायची, सोमवारी वाजतगाजत बोळवायची. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ टाकून ते दळायचं आणि त्या पिठाचे रोट करायचे. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि उरवायचे नाहीत. या सगळ्याला घर धुण्यापासून कणीक मळण्यापर्यंत निर्मळ पाणी लागतं, आणि नेमकी श्रावणातच झिऱ्याची वाट बंद. म्हणून भागाबाईची कानबाई कित्येक वर्षं निंबोल्यात दिराच्या घरी बसत होती.

"श्रावणात तोटीला पाणी राहिलं, तर माझी कानबाई माझ्या घरी बसेल," तिने चुडामणला बजावलं.

"राहील म्हणजे? माझी लाइन आहे, माय."

"तुझी? मग रोट खायला ये असं म्हणाले असते. पण तू भाऊबंद नाहीस, बापा."

योजनेचे ओव्हरसियर श्रीकांत देवपुजारी वर्ध्याचे होते. त्यांनी लाइन उतारावरून सरळ आखली आणि जमिनीत पुरायला सांगितली. चुडामणने ती दिवाळीनंतर पुरली आणि वर स्वतःच्या डोक्याने एक सुधारणा केली. उकरलेली माती वाहून जाऊ नये म्हणून त्याने पाइपावर सपाट पट्टी केली, बहादरपूरहून बैलगाडीत केळीचे कंद आणले आणि पट्टीभर लावले. मुळं माती धरतील, हा हिशेब. उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठून? त्याने पाइपाचा एक जोड थोडा सैल ठेवला. प्रत्येक केळीला नीट आळं होतं.

साहेब पाहणीला आले तेव्हा केळी कमरेएवढ्या झाल्या होत्या. डोंगरात एवढी हिरवळ पाहून ते खूश झाले. त्यांनी केळी पाहिल्या. आळी पाहिली नाहीत.

१९५६ च्या पावसाळ्यात आळी काठोकाठ भरली. चुडामण रोज वर जाऊन ती पाहायचा आणि समाधानाने खाली यायचा. कानबाईच्या रविवारी निंबोल्याचे पाहुणे वाडीत पोचले, भागाबाईने परातीत पीठ घेतलं, सून तोटीखाली तांब्या धरून बसली, आणि वरून बैलगाड्यांची रांग जावी तसा आवाज आला. तोटी खोकली, गढूळ गुळणी टाकून बंद झाली.

कोणाला काही झालं नाही. नळ आल्यापासून त्या वाटेने कोणी जात नव्हतं, लाइनीचा तेवढा उपयोग तोवर झाला होता. पण उताराचा मोठा काप खडकावरून निसटून निंबोल्याच्या गाडीवाटेवर येऊन बसला होता, पाइपांसकट. आणि त्या ढिगावर, चुडामणने लावल्या त्याच ओळीत, केळी ताठ उभ्या होत्या. एक तर निसवली होती. तिचं जांभळं केळफूल वाऱ्यावर डुलत होतं.

"केळी सासरी निघाल्या," भागाबाई म्हणाली. तिने पीठ तसंच फडक्यात बांधलं आणि कानबाईचं साहित्य घेऊन पाहुण्यांबरोबर निंबोल्याला उतरली. जाताना चुडामणकडे बघितलं नाही. तिच्या बोलण्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं.

साहेब आले तेव्हा चुडामण ढिगाजवळ मान खाली घालून उभा होता. देवपुजारी ढिगावर चढले. एका केळीच्या बुडाशी पाणी अजून साचलेलं होतं. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि एकदम हसत सुटले.

"चुडामण, तू डोंगराला आळं केलं की रे!"

"मुळं माती धरतील असं वाटलं, साहेब."

"धरली ना. माती सोडलीच नाही त्यांनी. सगळी मिळून खाली आली." मग हसू आवरून ते म्हणाले, "सरळ लाइन मी आखली आणि पाणी तू पाजलं. दोघांनी मिळून पाडला हा डोंगर. आता दोघांनीच बसवू."

अडचण अशी की त्याच दिवसांत राज्यांची वाटणी चालली होती. नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात जाणार होता आणि बुऱ्हाणपूर भोपाळच्या नव्या मध्य प्रदेशात. नागपूरचं ऑफिस म्हणे, आमदऱ्याची योजना आता भोपाळची. भोपाळच्या ऑफिसात अजून कपाटं लागत होती. नवे पाइप द्यायला कोणीच नव्हतं. देवपुजारींनी वर्ध्याकडची बदली घेतली, पण जाण्याआधी उतारावर तळ ठोकून काम आखून दिलं. ढिगातून जुने पाइप काढायचे. लाइन पुरायची नाही. होईल तेवढी खडकाच्या कण्यावरून लांब वळशाने न्यायची. मध्ये मातीचा जो पट्टा टळत नाही, तिथे पाइप सागाच्या लाकडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उघडा ठेवायचा, म्हणजे माती थोडी सरकली तर पहारीने घोडी मागे ढकलता येईल. आणि उतारावर खडकापर्यंत तिरके चर खणून दगडांनी भरायचे, आत मुरलेलं पाणी त्यांतून बाहेर पडावं म्हणून.

"पाणी काढून द्यायचं?" चुडामणने विचारलं.

"सगळं. थेंब ठेवायचा नाही."

"माझा बाप ऐकेल तर जेवणार नाही."

साहेब गेले. चुडामणने हिवाळाभर चर खणले. एका चरात पहार खणकन वाजली आणि मातीतून चेपलेला तांब्याचा हंडा निघाला. तो डोक्यावर घेऊन चुडामण वाडीत गेला. भागाबाईने हंडा उलटसुलट करून पाहिला.

"उगवला," ती म्हणाली. "दुसरा?"

"त्याला वेळ लागेल, माय. तो उशिरा पेरलेला दिसतो."

त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा हसली.

डोंगर कुठे सरकतो हे कळावं म्हणून त्याने मातीच्या पट्ट्यावर चुना लावलेल्या खुंट्या एका ओळीत ठोकल्या. रोज दोरी धरायची, खुंटी ओळीबाहेर दिसली की तिथली घोडी बघायची. खुंट्यांना त्याने बायकोच्या माहेरची नावं दिली. सासरा, साडू, मेव्हणा, मामेसासरा. मजूर खालून ओरडायचे, "मेट, मेव्हणा सरकला!" हे बहादरपुरात त्याच्या बायकोच्या, मालूबाईच्या कानावर गेलं.

"माझ्या भावाला बदनाम करून राहिले तुम्ही," ती म्हणाली.

"तोच पहिला सरकतो, त्याला मी काय करू?"

"आणि सासरा?"

"सासरा जागचा हलत नाही. आपल्याकडे आले की पाहत नाहीस का?"

उन्हाळ्यात भोपाळकडून नवे ओव्हरसियर आले. भला माणूस, पण त्याच्याकडे पाइप मागणाऱ्या गावांची रांग होती. त्याने लाइन पायी चालून पाहिली आणि साफ सांगितलं, "देखो भाई, इस बरसात में टिक गई तो लाइन तुम्हारी. नहीं टिकी तो पाइप उठवा लूँगा. दूसरे गाँव भी प्यासे हैं."

चुडामणने हे वाडीला सांगितलं. भागाबाई ऐकून घेत म्हणाली, "या श्रावणात कानबाई इथंच बसेल."

"माय, आधी बघू तर दे."

"मागच्या वर्षी तू म्हणत होतास माझी लाइन, माझी लाइन. आता मी म्हणते तर घाबरून राहिला?"

कानबाईच्या आदल्या दिवशी पाऊस लागला आणि रविवारी उजाडलं तरी थांबला नाही. चुडामण टोळी घेऊन उतारावर होता. सगळे चर वाहत होते. दगडांतून पाणी उसळून खडकावरून खाली उड्या घेत होतं, आणि त्याला वाहून जाणारं पाणी बघून आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत होतं. त्याने दोरी धरली. मेव्हणा ओळीबाहेर होता. पुन्हा धरली तेव्हा साडूही त्याच्या मागे निघाला होता.

"पहारी!" तो ओरडला.

घोडीच्या पायाशी पहार घालायची, चौघांनी झुकायचं, पाइप इंचभर मागे आणायचा, तोवर पुढची घोडी कलायची. चिखल गुडघ्यापर्यंत आला. पट्ट्याच्या वरच्या टोकाला जमीन चिरली. चुडामणने सगळ्यांना खडकावर काढलं आणि बघत उभा राहिला. आता करण्यासारखं काही नव्हतं. माती सरकली, सासऱ्याच्या खुंटीपर्यंत आली आणि तिथे बसली. चरांनी तिच्या पोटातलं पाणी आधीच काढून घेतलं होतं, पुढे जायला तिच्यात जोर नव्हता.

"सासरा हलला नाही," एक मजूर म्हणाला.

चुडामणने पाइपाला कान लावला. आत वाहणारं पाणी बारीक गुणगुणत होतं. पण ते वाडीपर्यंत पोचतंय की वाटेत कुठे जोड सुटलाय, हे इथून कळणार नव्हतं. तो वळशाने, एकेक जोड हाताने चाचपत खाली आला.

आधी ढोल ऐकू आला. मग तोटीभोवतीच्या चिखलात फुगडी घालणाऱ्या बायका दिसल्या, आणि त्यांत बहादरपूरहून आलेली मालूबाई. तोटी पूर्ण सोडलेली होती. तिच्याखालचा चेपलेला हंडा भरून वाहत होता.

"अहो," मालूबाई फिरता फिरताच ओरडली, "माझा भाऊ कसा आहे?"

"सरकला! पण तुझ्या बापाने धरला!"

भागाबाई ओसरीवर कणकेच्या हातांनी उभी होती. "तोटी बंद कर रे कोणी," ती म्हणाली, "पाणी वाया चाललं."

"वाहू दे, माय," चुडामण म्हणाला.

बोलून तो स्वतःच दचकला. मालूबाईने फुगडी सोडली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. महाजनांच्या घरात असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

चिखल धुऊन तो ओसरीच्या खाली बसला, बाहेरच्या माणसांनी बसावं तसा. आत भाऊबंदांची पंगत बसली होती. भागाबाई दारात आली.

"तिथं काय बसलास? तुझं पान मांडलंय."

"मी भाऊबंद नाही, माय. तूच म्हणाली होतीस."

"काल दळताना तुझ्या नावाची मूठ टाकली. आता नाही कसं म्हणतोस?"

"काल? आणि पाणी आलं नसतं तर?"

"तर कोरडं पीठ चारलं असतं तुला. चल आत."

पानावर बसल्यावर त्याला दिसलं की त्याच्यापुढे रोटांची चळत इतरांच्या दुप्पट होती.

"वर्ध्याच्या साहेबाचीही मूठ टाकली होती," भागाबाई वाढता वाढता म्हणाली. "तो काही येत नाही. त्याचे तूच संपव. उरवायचे नसतात."

चुडामण दोन माणसांचं जेवला. त्याला उठवायला घोडीला लावतात तशी पहार लागेल, असं मालूबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी कानबाईची मिरवणूक निघाली तेव्हा तो तिच्यामागे गेला नाही. तो वर गेला होता, खुंट्या पुन्हा ओळीत ठोकायला. मेव्हण्याला त्याने या वेळी जरा खोल ठोकलं.