खिळ्यावरची किल्ली

“ही तिसरी वेळ आहे. काका गाडीतला लाइट चालू ठेवतात आणि कबूल करत नाहीत. बॅटरी का उतरली ते तुम्ही सांगा, ताई. म्हणजे मी दुसरा ड्रायव्हर पाहायला मोकळा.”

बोरगाव मेघेचे एक डॉक्टर माझ्या बॅटरीच्या दुकानात उभे राहून बोलत होते. गाडी त्यांचीच, हायब्रिड. सकाळी त्यांच्या घरी जाऊन मीच ती दुसऱ्या बॅटरीवरून जंप देऊन सुरू केली होती. वानखडेकाका बाजूला उभे होते. आर्वी डेपोतून रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर, आता डॉक्टरांची गाडी चालवतात.

“एवढी वर्सं एसटी चालवली, ताई. लाइट कायले इसरतो मी?” ते एवढंच बोलले.

दुकान वडिलांकडे होतं तेव्हा काका डेपोतल्या मित्राच्या जीपची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे, हे मला आठवत होतं. पण ओळखीवर निकाल देता येत नाही. म्हटलं, गाडी दोन दिवस इथेच राहू द्या.

हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते. दुसरी छोटी, बारा व्होल्टची. या गाडीत ती डिकीत एका कोपऱ्यात आहे. ती इंजिन फिरवत नाही, फक्त गाडीच्या कॉम्प्युटरला जागं करते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही. कोठी धान्यानं भरलेली, पण कुलूप काढायला घरात कोणी नाही, तसं.

बाबांच्या काळी तपासणी डोळ्यांनी व्हायची. झाकणं उघडायची, काचेची नळी आत घालून ॲसिडचं पाणी ओढायचं आणि नळीतला तरंगा किती वर येतो त्यावरून चार्ज ओळखायचा. बाबांच्या प्रत्येक शर्टाला ॲसिडची भोकं होती. आई चिडायची, मी मोजायची. या नव्या बॅटऱ्या सीलबंद. त्यांना नळी नाही, मीटर लागतो. चार्जिंगही सावकाश, कमी करंटवर. घाई केली की बॅटरी तापते आणि बिघडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार्ज पूर्ण झाला. टेस्टर लावला. बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली. वारंवार पूर्ण उतरली की असं होतं. नवी नागपूरहून मागवली. पण कारण न शोधता नवी बसवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

जुनीच परत जोडली, गाडी लॉक केली आणि बंद गाडी किती करंट खाते ते पाहायला बॅटरीच्या तारेला क्लॅम्प मीटर अडकवला. किल्ली नेहमीसारखी बाबांच्या फळीवर टांगली. ही फळी बाबांनी स्वतः रंधा मारून केलेली. वीस खिळे, प्रत्येकाखाली ऑइलपेंटनं आकडा. गाडी लावायची जागा फळीच्या अगदी खाली आहे, म्हणजे कोणाची किल्ली कुठली ते शोधावं लागत नाही.

लॉक केलेली गाडी थोड्या वेळानं झोपते. करंट नावापुरता उरतो. ही झोपेना. दिवे बंद, दारं बंद. एकेक फ्यूज काढून पाहिला. तास गेला.

काका बाहेरच्या बाकावर बसून होते. उठले आणि सवयीनं किल्ली खिळ्यावरून काढून खिशात टाकली. गाडी सोडून जाताना किल्ली मागे ठेवायची नाही, ही डेपोची शिस्त. म्हणाले, “चहा पिऊन येतो.”

थोड्या वेळानं मीटरचा आकडा धाडकन खाली आला. काका परतले तसा पुन्हा वर.

“काका, परत चहाले जा.”

“आत्ताच तं पेलो ना, ताई!”

“तरी जा. किल्ली घेऊन जा.”

“दुकान चालवून राह्यली का चायवाल्याचं?” कुरकुरत गेले. आकडा पडला.

या किल्लीला दाते नसतात. ती गाडीशी वायरलेसनं बोलते. दोन-चार हातांवर असली की गाडीला वाटतं मालक आला, आणि ती झोपत नाही.

“घरी किल्ली कुठं राह्यते, काका?”

“पोर्चमधी. गाडीच्या वरच. डॉक्टरनं खिळा ठोकला. मी किल्ली घरी नेऊ नये म्हणून.”

डॉक्टर रेल्वेनं कॅम्पला गेले की गाडी चार-पाच दिवस त्या किल्लीखाली उभी असायची, जागीच.

नवी बॅटरी आली त्या संध्याकाळी डॉक्टरांना बोलावलं. बॅटरी बसवली, तिच्यातला गॅस बाहेर सोडणारी नळी जोडली आणि त्यांच्यासमोर किल्ली जवळ-लांब करून दाखवली. ते मीटरकडे बघत राहिले.

“म्हणजे लाइट नाही?”

“लाइट नाही. तुमचा खिळा.”

डॉक्टरांनी किल्ली पुढे केली. “काका, उद्यापासून घरी न्या.”

“मी नाई नेत,” काका म्हणाले. “उद्या काई झालं तं पुन्हा मीच. आतल्या कपाटात ठेवा. सकाळी मागून घेईन.”

डॉक्टर माफीचं काही बोलले नाहीत. पण जाताना मागच्या सीटवर न बसता पुढे, काकांच्या शेजारी बसले. बॅटरी अजून ठणठणीत आहे. ड्रायव्हरही तोच.

बाबांची फळी मी काढली नाही. तिच्यावर आता पाने, पकडी आणि वायरी टांगते. किल्ल्या मागच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात.

बॅटरी उतरली की आधी मीटर लावावा. मालक कोण आणि नोकर कोण, हे त्याला कळत नाही.