तळ्याची जमीन

लग्न होऊन मी काशीला आले, तेव्हा सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. घरात मामंजी, हे आणि मी. मामंजी खालच्या दालनात विद्यार्थ्यांना वेदान्त शिकवत, हे इंग्रजी शाळेत सायन्स. सासूबाईंना मी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी रंगवलेलं एक तळं त्या दालनाच्या भिंतीवर होतं. हिरवं पाणी, कमळं आणि एका पायावर उभा बगळा. विद्यार्थी भिंतीला टेकून बसत, त्यामुळे खालच्या कमळांवर त्यांच्या डोक्यांच्या तेलाचे डाग पडले होते.

पहिल्या दिवाळीला शालू घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "जमीन लाल लीजिए बहूजी, बूटा अपने आप खिलेगा."

मी ह्यांना हळूच विचारलं, "कुणाच्या जमिनीबद्दल बोलताहेत हे?"

हे घरी येईपर्यंत हसत होते. बुट्टे ज्या कापडावर विणतात, त्याला इथे जमीन म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या भाद्रपदात बाढ आली. आमच्या घरात पुराला पूर कुणी म्हणत नसे, बाढच. पाणी दालनात शिरलं, आम्ही वर राहायला गेलो. दुपारी खिडकीतून पाहिलं की घाट नसेच. नुसतं पिवळं, रुंद पाणी आणि त्यातून वर आलेली देवळांची शिखरं. बराच वेळ पाहत राहिलं की पाणी थांबलंय आणि आपलं घरच प्रवाहाच्या उलट निघालंय असं वाटे. मी तशीच बसून राही. चुलीवरचं वरण उतू जाई.

पाणी उतरलं तेव्हा दालनात घोटाभर गाळ होता आणि भिंतीचा गिलावा त्या गाळात पडला होता. तळं गेलं होतं. मामंजींनी एक तुकडा उचलला. त्यावर कमळाची पाकळी होती. ती त्यांनी अंगठ्याने पुसली, तर रंग अंगठ्याला आला. त्या दिवशी त्यांनी पाठ घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग पाठ बंदच पडला.

"मामंजी, मी पुन्हा काढते," मी म्हणाले. माहेरी मी चित्रं काढत असे.

"कशावर काढशील, मुली?" त्यांनी विचारलं. "अंधारात दोरीवर साप दिसतो. पण दोरीच नसेल तर साप दिसायचा कुठे? त्या दोरीला आम्ही अधिष्ठान म्हणतो. इथे अधिष्ठानच वाहून गेलंय."

मी ऐकलं नाही. घाईघाईने भिंत लिंपून घेतली, चुना दिला आणि रंगवायला बसले. थोड्याच दिवसांत भिंतीला लोणा लागला, ओलीतला खार बाहेर आला. पांढरी, मऊ लव उगवावी तसा तो रंगाखालून वर आला आणि कमळं पापुद्र्यांनी गळू लागली. कोपऱ्यात तर बुरशी धरली होती. मी रडायला लागले.

ह्यांनी मात्र भिंग आणलं. "बघ तरी," म्हणाले, "केवढं रान आहे! याला जगायला काहीतरी ओलं लागतं, पोळी, लाकूड, भिंत. आमच्या पुस्तकात त्याला सबस्ट्रेट म्हणतात."

मी डोळे पुसून पाहिलं. खरंच रान होतं, धुक्यातल्यासारखं.

मामंजी मागे येऊन उभे राहिले होते. "गंगा अजून भिंतीतून गेलेली नाही," ते म्हणाले. "जाऊ दे तिला सावकाश."

हिवाळा असाच गेला. उन्हाळ्यात एकदा आम्ही तिघं नावेने पलीकडच्या रेतीवर गेलो. रामनगरच्या बाजूला, बाढीचं पाणी होतं तिथेच, खरबुजांचे वेल पसरले होते. वर वाळू पोळत होती. मामंजींनी एका वेलाच्या बुडाशी हात खुपसला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"खाली गार आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "भिंत वाळली असेल आता."

या वेळी घाई केली नाही. चुना मुरू दिला, त्यात चाळलेली रेती, गुळाचं पाणी आणि बेलाचा गर घातला. मामंजींनी आयुष्यात घरचं काम केलं नव्हतं; ते धोतर खोचून घोटायला बसले. भिंत घोटून घोटून अशी गुळगुळीत झाली की गाल लावावासा वाटे.

मी कोळशाने पहिली रेघ ओढली, तसे ते म्हणाले, "बगळा आणखी डावीकडे. आणि इथे एक पान होतं, अर्धं पाण्याखाली."

त्यांना सगळं आठवत होतं, प्रत्येक देठ. मी थक्क होऊन पाहू लागले, तर ते जरा लाजले.

"शिकवताना मी समोर तेच बघत असे," ते म्हणाले. "तिला कधी सांगितलं नाही."

माझं तळं सासूबाईंच्या तळ्यासारखं झालं नाही. पाणी जास्त निळं झालं. पण रंग धरला. पाठ पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"उद्यापासून तूही बस पाठाला," ते म्हणाले.

"मी? लोक काय म्हणतील, मामंजी?"

"म्हणू देत."

मी दाराजवळ बसू लागले, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. पहिल्या पावसाळ्यात मला फारसं काही कळलं नाही. घाटावर नावा हाकणाऱ्या मल्लाहांच्या हाका, मामंजींचा संथ आवाज, मेथीचा वास, सगळं एकमेकांत मिसळून जाई. मग एके दुपारी त्यांनी एका वाक्याचा अर्थ विचारला, विद्यार्थी पोथ्या चाळू लागले, आणि तो अर्थ मी सांगितला.